ओला पंखा

पंखा बसवायचा तर टॉर्चला भोक पाडावं लागतं, आणि भोक पाडलं की पाणी आत येतं. या एका अडचणीपाशी आमचं काम अख्खा उन्हाळा खोळंबून राहिलं होतं. भोसरीच्या एमआयडीसीत मामांचं लेथचं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, दोन लेथ, एक ड्रिल, कोपऱ्यात अॅल्युमिनियमच्या कापलेल्या गोल सळ्या. मामा कुणाचेच सख्खे मामा नाहीत, पण आसपासच्या सगळ्या शेडमधली माणसं त्यांना मामाच म्हणतात. तिथेच एका कोपऱ्यात माझं सोल्डरिंगचं टेबल होतं. तिथे आम्ही घरगुती टॉर्च बनवत होतो.

टॉर्च हवा होता तो पावसाळ्यात सह्याद्रीत हरवलेल्या माणसांना शोधायला जाणाऱ्या एका स्वयंसेवक गटाला. त्यांच्या ताई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी टेबलावर विकतचे टॉर्च मांडले आणि एकेक चालू करून दाखवला. प्रत्येकाच्या खोक्यावर भलामोठा आकडा छापलेला. पहिली दोन-तीन मिनिटं प्रकाश डोळे दिपवणारा, मग हळूहळू मंद होत जाऊन निम्म्याहून खाली.

“दरीत दोर लावून उतरायला तासभर लागतो,” ताई म्हणाल्या. “मला तीन मिनिटांचा उजेड काय कामाचा? कमी असला तरी चालेल, पण जो आहे तो शेवटपर्यंत तेवढाच राहू दे. आणि दादा, तो पाण्यात पडणार. पडू शकेल असं नाही म्हणत मी, पडणारच.”

टॉर्च मंद होतो तो सेल संपले म्हणून नव्हे. आतलं सर्किट मुद्दाम त्याला मंद करतं, कारण एलईडी तापलेला असतो. जुन्या बल्बच्या टॉर्चला ही अडचण कधी आलीच नाही, आणि त्याचं कारण मोठं सुंदर आहे. बल्बची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते. तिच्या ऊर्जेचा जेमतेम काही टक्के भाग दिसणारा प्रकाश होतो, बाकीची बहुतेक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने प्रकाशाच्याच वाटेने काचेतून पुढे निघून जाते. बल्ब उधळ्या होता खरा, पण उधळायचा ते समोर. एलईडी त्याच्यापेक्षा कितीतरी काटकसरी. जपानमधल्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी निळा एलईडी शक्य केला, त्यातून पांढरा एलईडी आला आणि २०१४ साली तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण एलईडीची उष्णता पुढे जात नाही. ती त्याच्या पाठीमागून, धातूतून वाहूनच बाहेर काढावी लागते. ती निघाली नाही तर आतल्या अर्धवाहकाचं तापमान चढत जातं, प्रकाश कमी होतो, आणि दीडशे अंशांच्या आसपास त्याची सहनशक्ती संपते.

आमच्या टॉर्चचा एलईडी साधारण ३० वॅट वीज घेत होता. त्यातला एक तृतीयांश प्रकाश धरला तरी २० वॅट उष्णता उरते. रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर असते ती २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न मुठीत धरून चालायचं, असा हा मामला. मामांनी टॉर्चच्या डोक्यावर खोल खाचा पाडून पातळ चकत्या ठेवल्या होत्या. सगळं मिळून हवेला लागणारं क्षेत्र ३०० चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत, किरणांनी जाणारी उष्णता धरूनसुद्धा, एवढ्या पृष्ठभागातून दर अंशाच्या फरकाला फार तर ०.३ वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे २० वॅट बाहेर जायला डोकं हवेपेक्षा ६५ ते ७० अंशांनी जास्त तापायला हवं. पावसाळ्यातली हवा २८ अंशांची धरली तर टॉर्चचं अंग ९५ अंशांच्या घरात. चहा जवळपास त्याच तापमानाला उकळतो.

हवा हलती ठेवली की चित्र पालटतं. पृष्ठभागाला चिकटून असलेला गरम हवेचा थर पंखा सतत खरवडून नेतो, आणि तेवढ्याच क्षेत्रातून चौपट उष्णता बाहेर पडते. तेच डोकं मग ४५ अंशांवर थांबतं, हातात धरता येतं. आणि यासाठी लागतो फक्त ४० मिलिमीटरचा एक पंखा, एक वॅट खाणारा. एक वॅट खर्चून २० वॅट बाहेर. इतका फायद्याचा सौदा यंत्रशास्त्रात क्वचित मिळतो.

पण भोक!

पहिला विचार कोणालाही सुचेल तो. मोटर आत बंद ठेवायची, फक्त तिचा दांडा भिंतीतून बाहेर काढायचा आणि त्याला पाती लावायची. दांड्याभोवती रबरी सील. मामांनी खेळण्यातल्या मोटरला शोभेल एवढं छोटं घर बनवलं, आत सील बसवलं. सील पाणी अडवायला लागलं तेव्हा दांडा इतका घट्ट धरला गेला की मोटर फिरेना. सैल केलं की मोटर फिरायची आणि पाणीही यायचं. एवढ्या छोट्या मोटरकडे घर्षणावर खर्च करायला ताकदच नसते. शिवाय त्या मोटरमध्ये ब्रश. पत्र्याच्या दोन जिभा फिरत्या तांब्यावर घासत राहतात, ठिणग्या उडतात, आत थेंबभर गढूळ पाणी गेलं की खेळ संपला.

मग पंख्याचा खण वेगळा करायचं ठरलं. पुढे एलईडीचं डोकं, मागे सेलची नळी, मध्ये उघडी खोबण, आणि त्या खोबणीत संगणकाच्या कॅबिनेटमध्ये असतो तसा चौकोनी पंखा. बाजूने हवा ओढायची आणि चकत्यांमधून बाहेर सोडायची. पुढचा आणि मागचा भाग ओ-रिंग लावून आपापल्या जागी बंद. ही रचना दिसायला फार चांगली झाली. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून मी निरनिराळे पंखे आणले होते. प्रश्न एवढाच होता की खोबण उघडी, म्हणजे पंखा पावसात. त्याला कोरडं कसं ठेवायचं? जाळी लावली, झडपा लावल्या, वरून छपरासारखी पट्टी लावली. हवा यायची तिथून पाणी येतंच. हवेला वाट द्यायची आणि पाण्याला नाही, हे जमेना.

त्या दिवशी लेथवर टॉर्चचंच डोकं चढवलेलं होतं. मामा खाचा पाडत होते, पांढऱ्या कूलंटची धार टूलवर पडत होती. मी पलीकडे एका ट्रेमध्ये पंखा ठेवून तो किती करंट घेतो ते मल्टिमीटरवर बघत होतो. कूलंटची नळी तिच्या चिमट्यातून निसटली आणि धार थेट ट्रेमध्ये पडायला लागली. काही कळायच्या आत ट्रे अर्धा भरला. पंखा निम्मा बुडाला. मी वायर उपटायला हात पुढे केला.

“थांब!” मामा ओरडले. “राहू दे. बघ, फिरतोय तो.”

पंखा फिरत होता. दुधाळ पाणी चहूकडे उडत होतं, वेग मंदावला होता, मीटरवरचा आकडा वाढला होता, पण थांबायचं नाव नाही. मामांनी लेथ बंद केला. आम्ही दोघं त्या ट्रेकडे बघत उभे राहिलो. जेवायची सुट्टी झाली, चहा झाला, संध्याकाळ झाली. पंखा आपला चालूच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बंद पडलेला होता.

मामांना यातली कोणती गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली ते त्यांनी लगेच सांगितलं. “बंद पडला ते सोड. इतका वेळ चालला कसा, ते शोध.”

मी स्टिकर काढला, प्लास्टिकची बारीक रिंग नखाने सोडवली आणि पाती ओढून बाहेर काढली. पात्यांच्या मधल्या टोपीत आतल्या बाजूने चुंबकाची एक गोल पट्टी. बस्स. त्या फिरत्या भागाला एकही तार जोडलेली नाही. तारेची वेटोळी सगळी मधल्या न फिरणाऱ्या खांबावर, आणि त्याच्या तळाशी नाण्याएवढं सर्किट. सर्किटवर एक इवलासा सेन्सर. चुंबकाचं कोणतं टोक समोरून गेलं हे तो ओळखतो आणि त्याप्रमाणे वेटोळ्यातला प्रवाह उलटसुलट केला जातो. चुंबकामुळे प्रवाह बाजूला ढकलला जातो हे एडविन हॉलने १८७९ साली दाखवलं होतं, त्याच तत्त्वावर हा सेन्सर चालतो. ब्रशची जागा इलेक्ट्रॉनिक सर्किटने घेतलेली मोटर विल्सन आणि ट्रिकी या अभियंत्यांनी १९६२ साली मांडली. आज ती बहुतेक संगणकांत गुणगुणते आहे.

वेटोळी पाहिली. तार चकचकीत होती, कुठे काही झालेलं नव्हतं. सर्किट मात्र हिरवं पडलं होतं. सोल्डरच्या टाक्यांभोवती बुरशीसारखा थर आणि सेन्सरचा एक पाय गंजून तुटलेला.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मामांचे दाजी आले. त्यांच्या बहिणीचे यजमान. नारायणगावला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जुन्नर तालुक्यातल्या विहिरी आणि बोअरच्या मोटरी त्यांच्या हाताखालून जातात. मामांनी त्यांना चहा दिला आणि उघडलेला पंखा समोर ठेवला.

“दाजी, याला पाण्यापासून वाचवायचंय. काय करावं?”

दाजींनी पंखा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, पाती परत बसवून फिरवून बघितली. मग माझ्याकडे वळले. “पाव्हणं, तुमी याला कोरडं ठिवायला का बगताय?”

“पाण्यात मोटर चालणार कशी?”

“आवं, विहिरीत काय चालतंय मग? सबमर्सिबल मोटर सोडायच्या आदी आमी तिच्यात पानी भरतो. आतनं, स्वच्छ पानी, काठोकाठ. हवा राहिली तर जळती ती. वायंडिंगच्या तारंला प्लास्टिकचं आवरण असतंय, ती पान्यातच बसती. आन् रोटरला तार कुटं हाय? तो नुसता फिरतो. तुमच्या या पंख्यालाबी तसंच दिसतंय की.”

मी गप्प झालो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. टेस्लाने १८८८ साली इंडक्शन मोटरची पेटंटं घेतली तेव्हापासून फिरत्या भागाला वीज न जोडता तो फिरवता येतो हे पुस्तकात आहे. पण पुस्तकातली ती मोटर आणि माझ्या टेबलावरचा पंखा हे दोन्ही एका ओळीत आणून ठेवले ते दाजींनी. आम्ही पंख्याभोवती भिंत बांधायला निघालो होतो. ती भिंत पंख्याच्या पोटातच होती. फिरता चुंबक आणि स्थिर वेटोळं यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट असते. त्या फटीतून वीज जात नाही, तेल जात नाही, दांडा जात नाही. जातं फक्त चुंबकत्व, आणि चुंबकत्वाला पाणी अडवत नाही, प्लास्टिक अडवत नाही, इपॉक्सीही अडवत नाही. फटीच्या अलीकडचं सगळं गाडून टाकायचं आणि पलीकडचं सगळं खुशाल भिजू द्यायचं.

इथून पुढचं काम हाताचं होतं, आणि मला ते सांगताना आजही उत्साह येतो.

वेटोळी आणि सर्किट इपॉक्सीत गाडायचं म्हणजे ओतायचं आणि वाळवायचं, इतकं ते सरळ नाही. इपॉक्सी केसभर जास्त झाली की चुंबक तिच्यावर घासतो. मामांनी टेफ्लॉनच्या सळीतून एक पेला कातला, त्याचा आतला व्यास चुंबकाच्या पट्टीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित कमी. टेफ्लॉनला इपॉक्सी धरत नाही, त्यामुळे वेटोळं त्या पेल्यात उलटं बसवून ओतलं की वाळल्यावर गुळगुळीत, मापाचं निघतं. मधली नळी, जिच्यात दांडा फिरतो, ती आधी मेणाने बुजवायची. इपॉक्सीत हवेचे बुडबुडे राहतात आणि नेमके सर्किटच्या पायांशी राहतात. ते काढायला जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून आम्ही बरणीतली हवा ओढली. बुडबुडे फसफसून वर आले, फुटले, आणि पिवळसर काचेसारख्या इपॉक्सीत तांब्याची वेटोळी स्वच्छ दिसायला लागली.

दांड्याचं बुश सच्छिद्र ब्राँझचं होतं, तेल प्यायलेलं. पाण्यात ते तेल धुऊन जाणार. मामांनी त्याऐवजी डेलरीन नावाच्या प्लास्टिकचं बुश कातलं. डेलरीनला तेल लागत नाही, पाणीच त्याला वंगण म्हणून पुरतं. मग बादली. पंखा बादलीत सोडला. पूर्ण बुडाल्यावर पाती अडखळली, थांबली. पंख्याच्या आतलं सर्किट असं थांबणं ओळखतं, प्रवाह तोडतं आणि दर काही सेकंदांनी पुन्हा एक धक्का देऊन बघतं. बाहेर काढल्याबरोबर पाणी उडवत पाती सुरू झाली. पाण्यात पंखा थांबला तर बिघडलं काय, हे मामांनीच विचारलं. पाण्यात टॉर्च बुडलेला असताना पाणीच उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने नेतं. पंख्याची तेव्हा गरजच नसते.

पण बादलीच्याच कसोटीत दुसरी गोष्ट निघाली. टॉर्चच्या बंद भागात ओल शिरते का हे बघायला मी आत निळ्या सिलिका जेलचे मणी ठेवत असे. ओल लागली की ते गुलाबी होतात. पंख्याची बाजू पक्की, ओ-रिंग पक्क्या, काच पक्की, आणि तरी मणी गुलाबी. पाणी आत येतच होतं. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले. एकही फुगा नाही.

हा गुंता सोडवायला बराच वेळ गेला. शेवटी पंख्याकडून आत जाणाऱ्या वायरचं टोक मी आत कापलं तेव्हा त्या टोकातून पाण्याचा बारीक मणी बाहेर आला. वायर म्हणजे प्लास्टिकच्या नळीत भरलेले तांब्याचे बारीक तंतू. त्या तंतूंमधल्या फटी पाणी ओढून घेतात. बाहेर प्लास्टिक कुठे जरा तडकलेलं असलं की पाणी आतल्या आत, वायरच्या पोटातून, भिंत ओलांडतं. बाहेरून कितीही इपॉक्सी लावा, ती वायरच्या अंगाला धरते, वायरच्या पोटाला नाही. उपाय साधा निघाला. भिंतीत जिथे वायर जाते तिथे बोटाच्या पेराएवढं प्लास्टिक सोलायचं, उघडे तंतू सोल्डरने भरून एकसंध करायचे आणि तो उघडा भागच इपॉक्सीत गाडायचा. मणी निळे राहिले.

ताईंना आम्ही दोन प्रकारचे टॉर्च दिले. एक पंख्याचा. दुसरा बिनपंख्याचा, संपूर्ण बंद, कुठेही फट नाही. त्याचा प्रवाह कमी करून डोकं ८० अंशांच्या आसपास राहील असं केलेलं, हातमोजे घालून धरायचा. दोन्हींत निळे मणी. बिनपंख्याचा टॉर्च मी तुलनेसाठी दिला होता. पाण्याच्या बाबतीत तो जिंकणार, उजेडाच्या बाबतीत पंख्याचा, असं आम्ही धरून चाललो होतो.

आषाढ संपता संपता ताई आल्या. त्यांनी पिशवीतून टॉर्च काढून ओळीने ठेवले आणि काही बोलल्या नाहीत. बिनपंख्याच्या टॉर्चच्या काचेमागे वाफ धरलेली. मामांनी उघडला, मणी पार गुलाबी. दुसरा बिनपंख्याचा, तोही गुलाबी. पंख्याचे टॉर्च उघडले. निळे. सगळे निळे.

मामा दोन्ही प्रकारच्या ओ-रिंग बोटांत घेऊन फिरवत राहिले. मापं तीच, रबर तेच, खाच त्यांनीच एका बैठकीत कातलेली. ओ-रिंग ही गोष्ट वर्तुळाएवढीच साधी आहे, डॅनिश वंशाच्या नील्स क्रिस्टेनसेनला तिचं पेटंट १९३९ साली मिळालं आणि तेव्हापासून जगातली अर्धी यंत्रं तिच्या भरवशावर आहेत. ती एका टॉर्चमध्ये पाणी अडवते आणि दुसऱ्यात नाही, हे कसं?

“ताई, वापर वेगळा झाला का?” मी विचारलं. “हा जास्त वेळ पाण्यात होता?”

“नाही. उलट पंख्याचाच जास्त पडला. ओढ्यात एक तर दगडाखाली अडकून राहिला होता, सकाळी काढला.”

“मग सेल कोणाचे जास्त वेळा बदलले?”

त्यांनी आठवून सांगितलं. “बदलायला दोन्हींचे लागले. पण हा इतका तापतो ना, म्हणून बदलायच्या आधी कोणी थांबत नाही, पटकन झाकण उघडायचं, सेल टाकायचे, बंद करायचं आणि ओढ्यात धरायचा. थंड व्हायला.”

गरम असताना झाकण बंद केलं आणि थंड पाण्यात धरला. मी कागद पुढे ओढला.

बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाप्रमाणे बदलतो. हा गे-ल्युसॅकचा नियम शाळेतच शिकवतात. ८० अंश म्हणजे ३५३ केल्व्हिन, २० अंश म्हणजे २९३. झाकण लावलं तेव्हा आतला दाब बाहेरच्याइतकाच. ओढ्यात निवल्यावर तो १७ टक्क्यांनी घटलेला. वातावरणाच्या दाबाचे १७ टक्के म्हणजे पावणेदोन मीटर खोल पाण्याचा दाब. टॉर्च वीतभर पाण्यात होता, पण त्याच्या ओ-रिंगला तो माणसाच्या उंचीएवढ्या पाण्यात असल्यासारखा भार सोसावा लागला. आतली सगळी हवा डोक्याइतकी तापत नाही हे खरं, सेलच्या नळीकडची थंडच असते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा खाली येतो. तरी पावसात, चिखलाच्या हातांनी, अंधारात लावलेल्या झाकणात एखादा केस किंवा वाळूचा कण ओ-रिंगखाली राहतोच, आणि आतली पोकळी तेवढ्या वाटेने पाणी खेचून घेते. थोडंच, थेंब-दोन थेंब. काचेवर वाफ धरायला तेवढं पुरतं.

पंख्याच्या टॉर्चचं डोकं ४५ अंशांवर. ३१८ केल्व्हिनवरून २९३ वर यायचं म्हणजे घट आठ टक्के. खेच निम्म्याहून कमी.

टॉर्चवर छापलेल्या आयपी ६७ या खुणेचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास असा आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या चाचणीच्या नियमातच एक अट आहे. वस्तू आणि पाणी यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक नसावा. तापलेला टॉर्च गार ओढ्यात टाकण्याची परीक्षा त्या खुणेत येतच नाही. आणि सह्याद्रीतला प्रत्येक टॉर्च हीच परीक्षा देतो.

मामांनी माझा कागद हातात घेतला आणि बराच वेळ वाचला. “म्हणजे आपण पंखा लावला तो उष्णतेसाठी,” ते म्हणाले, “आणि त्याने पाणी अडवलं.”

“हो मामा.”

“आणि आपण इतके दिवस पंख्यामुळे पाणी येईल म्हणून घाबरत होतो.”

या कामातून मला जे सापडलं ते हेच. टॉर्च थंड ठेवणं आणि कोरडा ठेवणं ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं टॉर्च बनवणारा प्रत्येक जण धरून चालतो. थंडाव्यासाठी उघडावं लागतं, कोरडेपणासाठी मिटावं लागतं, मग मध्ये कुठेतरी तडजोड करायची. पण पाणी भोकातून येतं त्यापेक्षा तापमानाच्या फरकातून जास्त येतं. तो फरक कमी करणारी कोणतीही गोष्ट पाण्याचाही बंदोबस्त करते. एलईडीखालचं तांब्याचं बोर्ड, त्यामागचा थर्मल पेस्टचा पातळ थर, काळं अॅनोडायझिंग, पंखा, सगळं. दुसरा उपायही आहे, मोटारगाड्यांच्या हेडलाइटमध्ये वापरतात तो. बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉन झटक्यात ताणून बनवलेल्या सच्छिद्र पटलाचं छोटं भोक ठेवायचं. त्यातून हवा ये-जा करते, दाब बराबर होतो, थेंब मात्र शिरत नाही. ते आम्ही पुढच्या टॉर्चमध्ये लावलं. पण माझ्या मते त्याचा क्रम पंख्यानंतरचा. पटल दाबाचा फरक मिटवतं. पंखा तो फार वाढूच देत नाही, आणि वर उजेडही टिकवतो.

इपॉक्सीत गाडलेले पंखे कारखान्यांसाठी पूर्वीपासून बनतात आणि पंखा लावलेले मोठे टॉर्चही बाजारात आहेत, त्यामुळे जगात पहिलं आम्ही केलं असं म्हणायचा प्रश्नच नाही. आम्हाला जे हवं होतं ते भोसरीच्या लेथवर, बुधवार पेठेतल्या पंख्यातून निघालं, आणि ते बिघडलं तर इथेच दुरुस्त होतं. ताईंच्या गटाला याचंच मोल जास्त आहे. कारण विकतचा टॉर्च तापला, भिजला की उघडतच नाही, फेकावा लागतो.

दिवाळीनंतर दाजी पुन्हा आले. त्यांना आम्ही एक टॉर्च दिला होता. तिकडे शेतीपंपाला वीज बऱ्याचदा रात्री मिळते, उसाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, आणि जुन्नरच्या उसात बिबट्या असतो. त्यांनी टॉर्च टेबलावर ठेवला. पंखा खरखरत होता.

“पान्यानं काय झालं न्हाय,” ते म्हणाले. “पाटातल्या रेतीनं झालंय. बोअरच्या मोटरलाबी तेच मारतंय.”

मामांनी बुश काढून बघितलं. डेलरीनवर रेतीच्या कणांनी ओरखडे पाडले होते. बोअरच्या पंपाची बेअरिंग रेतीत कशी टिकते, असं त्यांनी विचारलं तेव्हा दाजींनी खिशातल्या पेनने हातावरच काढून दाखवलं. रबरी बेअरिंगला आतून उभ्या खाचा असतात, दांडा रेती खाचेत ढकलतो आणि पाणी ती वाहून नेतं. मामांनी तेवढ्यात डेलरीनची सळी चकमध्ये धरली होती. नव्या बुशला आतून तीन उभ्या खाचा पाडल्या, पंखा जोडला, आणि शेडच्या दारातल्या वाळूत पाणी मिसळून त्या गाळातच तो फिरवायला ठेवला. दाजींची एसटी चुकली, पण पंखा थांबेपर्यंत ते जायला तयार नव्हते. रात्री उशिरा मामांनीच करंट बंद केला. बुश बाहेर काढलं तेव्हा खाचा रेतीने भरलेल्या होत्या आणि मधला पृष्ठभाग गुळगुळीत होता. त्या मापाची बुशं आता मामा डझनाने कातून ठेवतात.